बोरधडी

क्लबची किल्ली माझ्याकडे असते.
क्लब म्हणजे प्रकल्प कॉलनीतला,
धरण बांधणाऱ्या साहेबलोकांसाठी उभारलेला हॉल.
साहेब गेले, मागोमाग खुर्च्या गेल्या,
उरला एक कॅरम, आणि टेबल-टेनिसचं टेबल
ज्यावर आता पोलिओचे डबे ठेवतात.

शनिवारी अनमोल पेंदोर आला दारव्ह्याहून,
साडेपाचच्या एसटीनं, एकटा,
गिटार रजईच्या खोळीत घालून.
फळ्यावर मी खडूनं लिहिलं होतं: संगीत संध्या.
लोक विचारत होते, बाकीचे कधी येतील?
कोण बाकीचे?
तबला, पेटी, गाणारी बाई.
तो म्हणाला, मीच हाव.
धम्मपाल डीजेवाल्यानं दोन डबे आणले होते, फुकट,
ते त्यानं लावूच दिले नाहीत.
धम्मपाल रुसून कॅरमवर बसला.

मोजले मी. एकोणीस.
कॅरमचे चार धरले तर.

पहिलं गाणं जिनिंगच्या काट्याचं.
दुसरं तिचं, जी बी.एड.ला अकोल्याला गेली
आणि आता फोनवर नुसतं "अरे वा" म्हणते.
मागून कुणीतरी म्हणालं,
एखांदं पिच्चरचं होऊन जाऊ द्या.
त्यानं खुंटी पिळली, तारेला कान लावला,
म्हणाला, मले फक्त माहेच येतात.
हसले सगळे. सोंगट्या मात्र वाजतच होत्या,
टक, टक,
आणि मला वाटलं, तो त्यांच्यावरच ठेका धरतोय.
असेलही.

मग त्यानं वावरांचं गाणं म्हटलं.
पाण्याखालच्या गावाची वावरं, ओळीनं,
मामांकडून ऐकलेली:
टेकाडी, चिचेचं, पांढरी,
मसनातली पट्टी, कोल्ह्याची खारी,
बोरीचं

"बोरीचं नाई."

उकंडराव डाखोरे. भिंतीला टेकून,
दुपट्टा मांडीवर.
मला वाटलं होतं, झोपलेत.
"बोरधडीचं. बोरी थे नाल्यापल्याड.
थे बुडालीच नाई."

गाणं थांबलं. सोंगट्याही.
कोनाचं होतं, अनमोलनं विचारलं.
"होतं एकाचं."
तो पुन्हा टेकाडीपासून निघाला,
आणि बोरधडीचं आलं तेव्हा
ते चालीत मावेना. दोन अक्षरं जास्त.
त्यानं ती कोंबली, जसा आपण
भरल्या काळीपिवळीत शेवटचा माणूस कोंबतो,
दार बाहेरून हातानं धरून.
तार खरवडली. पुढची ओळ उशिरा आली.
सगळ्यात मला तीच आवडली.

माझे वडील गेट ऑपरेटर होते.
पहिल्यांदा दारं खाली सोडली तेव्हा
चाक त्यांच्या हातात होतं.
ग्रीस आठ दिवस निघालं नाही, सांगायचे,
आणि हात दाखवायचे, जणू अजून आहे.
उकंडरावांना हे ठाऊक आहे.
रोज येतात, पेपर वाचतात,
माझ्या पुडीतली तंबाखू खातात.
यावर आम्ही बोललो नाही कधी.

ताटलीत तीनशे चाळीस रुपये पडले
आणि एक राणी, कॅरमची.
राणी तेवढी मी परत मागून घेतली.
शेवटची गाडी हुकली होती.
तो धम्मपालच्या टेम्पोत बसून गेला,
न वाजलेल्या दोन डब्यांच्या मधे,
खोळीतली गिटार उराशी धरून.

ट्यूब मालवली. कुलूप लावत होतो
तर उकंडराव अजून पायरीवर,
अंधारात पायानं चप्पल चाचपत.
"लिवून घेतलं का त्यानं?"
हो, म्हटलं.
मी पाहिलं नव्हतं.
"दडी नको लिवू म्हना. धडी.
धरनातला ध."
आणि बॅटरी लावून
ते कॉलनीच्या उताराला लागले.