आठ बटणं

शिवडीची रात्रशाळा, साडेसातचा तास.
नियाज भुलेश्वरहून थेट आलेला,
शेठच्या दुकानातली आठ बटणं स्टीलच्या डब्यात,
पाच पांढरी, तीन काळी, घडण एकच.
"उद्या मोजून परत द्यायचीत, बाई."

न बघता एक काढायचं.
काळं येण्याची संभाव्यता किती?
काढायच्या आधीच सांगता येते, मी म्हटलं,
हात अजून डब्याबाहेर
आणि उत्तर फळ्यावर:
वर तीन, खाली आठ.
काळं निघेलच, असं मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही.

डबा खुळखुळला. पांढरं. परत टाकलं.
पांढरं. पांढरं.
"आता काळंच," मागून कुणीतरी वडापावची पैज लावली.
पुन्हा पांढरं.
डब्याला आठवण नसते रे,
त्याला प्रत्येक हात पहिलाच.

तेव्हा दर्शना तांडेलनं वही मिटली.
"बाबा सात वर्षं म्हाडाचा फॉर्म भरतायत.
दर सोडतीला म्हणतात, यंदा आपलाच नंबर.
काका म्हणतो, लागेल नाहीतर नाही लागणार,
दोनच गोष्टी. म्हणजे निम्मी-निम्मी."

कुणी हसलं नाही.
अर्ध्या वर्गाच्या घरी तोच फॉर्म होता.
गोष्टी दोनच, खरं आहे,
पण सारख्या वजनाच्या नाहीत गं.
मी आडवी रेघ ओढली. वर एक लिहिला.
खाली?
"आमचे बाबा," दर्शना म्हणाली.
"माझी अम्मी पण." "शिपाई मेस्त्रीकाका."
"आमच्या मजल्यावरचे सगळेच, बाई."
छेदात माणसं येऊन बसत राहिली,
फळा संपला, खाली भिंत उरली.
शून्य नाही, एवढं मी म्हणाले.
जरा हळूच म्हणाले.

घंटा झाली. नियाजनं बटणं मोजली.
सात.
म्हणजे मघापासूनचं कुठलं उत्तर बरोबर, देव जाणे.
मोबाइलचे टॉर्च लावून सगळे ओणवे झाले.
"बाकं बारा," दर्शना म्हणाली,
"कुठल्याही एकाखाली, एक छेद बारा."
आणि गुडघ्यांवरच थांबली.
"नाही, बाई. समसंभाव्य नाहीत ही.
डबा इथे फिरत होता.
दारापाशी ते कशाला जाईल?"

तिनं पहिल्या बाकाखाली हात घातला.
पेनाचं टोपण निघालं.

पुन्हा घातला.