प्रतवारी

पुंता अरेनासला वारा सुटला की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
सत्तावीस वर्षं मी त्या दोराला धरून गोदामात येते,
हातमोजे काढते, आणि दिवसभर
कधी न पाहिलेल्या मेंढ्या ओळखते.

ओळखते म्हणजे इतकंच:
लोकरीची एक बट घ्यायची, दोन्ही टोकं चिमटीत,
कानाशी नेऊन ताणायची, वर एक टिचकी.
खणखणली तर उत्तम.
करकरली तर कुठेतरी कच्ची आहे,
आणि कुठे, ते बोटाला कळतं.
मधोमध म्हणजे जुलै, बर्फाखाली गवत सापडलं नसणार.
मुळाशी म्हणजे ऑक्टोबर, ताप असेल, जंत असतील.
मी म्हणते, दुय्यम. डाव्या कप्प्यात टाकते.
हळहळणं माझ्या पगारात बसत नाही.

गेल्या बुधवारी, रात्री तीनला,
फोननं मला एक उशी दाखवली.
माणसाएवढी लांब.
खाली लिहिलं होतं: पलंगाच्या रिकाम्या बाजूसाठी.

मी कुणाला कानोकान कळू दिलं नव्हतं.
माझ्या बहिणीला, दानिसाला, अजून सांगते की इवो बोटीवर आहे,
खेकड्यांचा हंगाम संपला की येईल.
फोनला तर इवोचं नावही सांगितलेलं नाही.
फक्त तीनला उठून एकटीपुरत्या रश्श्याची कृती बघितली,
आणि पुएर्तो मोंतच्या फेरीचं वेळापत्रक
उघडलं, मिटलं,
उघडलं.
शितावरून भाताची परीक्षा, हे मला कुणी शिकवायला नको.
पण मी पातेल्यावर झाकण ठेवलं होतं हो!

मुकादम ओयार्सूनला विचारलं, नाव न घेता,
एक मैत्रीण आहे म्हणून.
तो हसला: अगं मिर्ता, लाख बायकांना तीच उशी दाखवतात.
वारा काय कुणा एकीची टोपी बघून वाहतो?
खरंय.
पण टोपी माझी उडाली.

त्या रात्री मी फोन पालथा घातला
आणि पालथ्या फोनकडे बघत बसले.
वर्मावर बोट ठेवणाऱ्याला बोट तरी असावं.
कसा असेल हा मनकवडा? काय खात असेल?
माझं कळल्यावर क्षणभर तरी थांबला असेल का,
की म्हणाला, दुय्यम,
आणि पुढची बट?

मग ती मेंढी आठवली.
एकदाच मी कुरणावर गेले होते, हिशेबाच्या कागदांसाठी,
आणि उगाच विचारलं, एकशे चौदा नंबरची कुठली?
माझ्या वहीत होतं: मुळाशी कच्ची, बहुधा आजारी.
धनगर एलादियो म्हणाला, आजारी? ती?
हिवाळ्यात शेजारणीला कोल्ह्यानं धरलं... नाही, पुमानं,
तिचं कोकरू हिनं आपल्याबरोबर पाजलं.
दोन्ही जगली. ती बघ, कान फाटलेली,
तुझ्याकडेच बघतेय.
मी चुकले नव्हते. लोकर कच्चीच होती.
पण मला काहीसुद्धा माहीत नव्हतं.

फाटका कान लोकरीत येत नाही.

म्हणून, मनकवड्या, तुला एक सांगते,
तुला उपयोग नाही तरी.
तो गेल्यापासून मी त्याच्या बाजूला झोपते,
खिडकीकडच्या, जिथे वारा फटीतून शिट्टी घालतो
आणि तो रोज शिव्या द्यायचा, आता मी देते.
रिकामी आहे ती बाजू माझी आहे.

उशी मागवली. खोटं कशाला बोलू, मऊ आहे,
आणि मऊपणातलं मला कळतं.
माझ्या जागेवर ठेवली आहे, भिंतीकडे तोंड करून,
माझ्यासारखी.

आज सकाळी चहा गाळताना फोन उजळला.
अशीच दुसरी दाखवतोय,
जोडीला.