सुताच्या खुणा

साखर पेठेतल्या या खोलीत
भिंतीला सॉकेट एकच.
बांधणाऱ्याला वाटलं असेल,
एक पंखा फिरला की झालं,
माणसाला आणखी काय लागतं.

मला लागतं.
ट्रान्सीव्हरला तेरा पूर्णांक आठ व्होल्ट,
मीटरला बारा, जुन्या रिसीव्हरला नऊ,
घड्याळाला पाच.
ते घड्याळ ग्रिनिचची वेळ दाखवतं,
आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची.
अनसूया म्हणते, अगदी तुमच्यावर गेलंय.

अडॅप्टर सगळे काळे, सगळे एका तोंडाचे.
मागच्या वैशाखात घाईघाईत
नऊचा समजून बाराचा खुपसला,
त्यात त्याची आतली पिन उणे.
रिसीव्हर एकदाच फट् म्हणाला.
एकोणीस वर्षं बोलत होता माझ्याशी,
जाताना तेवढंच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून
सुताची टोकं आणली मूठभर:
चादरीच्या काठाचं लाल, ते बाराला.
हिरवं नऊला. मोरपंखी पाचला.
आतली पिन उणे, तर वर एक काळी गाठ,
दिवे गेल्यावरही बोटांना कळेल अशी.
छत्तीस वर्षं जॉबर होतो मी मागावर.
ताण्यातला तुटका धागा
नजरेआधी अंगठ्याला सापडायचा.

मग भंगारातल्या मागाची फळी घेतली.
सहा सॉकेट, सहा खटके,
आणि मध्ये चार-चार बोटं मोकळी,
कारण अडॅप्टर म्हणजे लग्नातले व्याही,
एक बसला की शेजारची खुर्चीही त्याचीच.

मागच्या दारी खड्डा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
अर्थिंगला ओल लागते.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
त्यातली अर्धी बादली मी जमिनीला पाजतो.
अनसूया काही बोलत नाही.
बादली जरा जोरात ठेवते.

एवढं करून
सात मेगाहर्ट्झवर खरखर तशीच.
तव्यावर कुणी सतत वाळू भाजतंय जशी.
रेडिओ बॅटरीवर घेतला,
एकेक खटका खाली केला,
फळी सगळी मुकी. खरखर चालूच.
पंखा बंद, फ्रिज बंद, डास मारायचं यंत्र बंद.
घामाने शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि कोपऱ्यात
मार्कंडेयाच्या तसबिरीभोवती लुकलुकणारी माळ,
तिचा अडॅप्टर अंगठ्याएवढा.

उपटला.
विजापूरचा एक माणूस
खोलीत बसल्यासारखा बोलू लागला
आपल्या गुडघ्यांबद्दल.

"देवच सापडला का तुम्हाला?"
ती दारात, हाताला पीठ.
मी म्हटलं, दोष देवाचा नाही, माळेचा आहे.
ती म्हणाली, माळ मी आणली.

त्यावर उत्तर नसतं.
रात्री माझ्या जड, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवरून
एक वायर देवापर्यंत नेली,
टोकाला बाराचा दिवा, गव्हाएवढा,
आणि नियमाप्रमाणे लाल सूत.
लुकलुकत नाही. नुसता जळतो.
दोन दिवस तिने तिकडे पाहिलंच नाही.
तिसऱ्या दिवशी लाल सुताशेजारी
जास्वंद खोचलेली दिसली.

काल रात्री दहानंतर वरंगळ लागलं.
पलीकडचा माणूस मास्तरांच्या इंग्रजीत सुरू झाला,
माझं आडनाव चिलवेरी कळलं तसा
थेट तेलुगूवर उतरला,
माझ्या आजोबांच्या तेलुगूवर,
जी आमच्या घरात आता
फक्त भांडणात आणि देवापुढे निघते.
म्हणाला, सिग्नल स्वच्छ आहे तुमचा, काचेसारखा.
मागे तेवढं काहीतरी वाजतंय,
खटक-फटक, खटक-फटक,
एखादा अडॅप्टर बघा.

मी खिडकीकडे पाहिलं.
शेजारच्या कोडमांच्या शेडमध्ये
रात्रपाळीचे चार माग.

त्याला सूत बांधलेलं नाही, म्हटलं,
ते राहू द्या.