किती झाल्या

सोहारात दुपारी साडेतीनला ऊन असं पडतं
की भिंतीवरची पालसुद्धा पांढरी दिसते.
एसीचं पाणी बादलीत ठिपकत असतं.
मुबीन खुर्चीवर बसून असरची नमाज पढतो
आणि जुवेरिया, वय वर्षं सात,
त्याच्या शेजारी फतकल मारून
खजुराच्या बिया मांडते.

एक रकात, एक बी.

पाइप हेल्मेटवर पडला त्या दिवसापासून
त्याच्याजवळ आकडे टिकत नाहीत.
आयती सगळ्या पाठ आहेत, लहानपणी छडी खाऊन शिकलेल्या.
दाभोळच्या खाडीत कुठल्या भरतीला बोय कुठे लागते, तेही.
पण दोननंतर तीन येऊन गेली की यायचीय
हे कुणीतरी सांगावं लागतं.

आधी मी सांगायचे.
कांदा परतता परतता ओरडायचे, तीन!
नमाजीत त्याला बोलता यायचं नाही,
खांदे तेवढे सैल व्हायचे.
मग एकदा मी पाच रकाती करवल्या.
जुवीने काम काढून घेतलं. म्हणाली,
अम्मी, तुझं लक्ष नसतं.

नसतंच.
माझं लक्ष कंपनीच्या पत्रात असतं,
व्हिसाच्या तारखेत, त्याच्या डाव्या पावलात,
जे अजून फरशी घासत येतं.
आणि इस्पितळातल्या एकोणीस दिवसांत
मी वर काय काय कबूल करून बसले, त्यात.
सहा रोजे. बकरा. दर्ग्यावर चादर.
आणि रात्री तीनला, आयसीयूच्या काचेला कपाळ टेकून,
की याच्याशी पुन्हा कधी भांडणार नाही.

बकऱ्याचं जमेल.

सासूबाई फोनवरून नजर काढतात.
मी फोन त्याच्या डोक्याभोवती फिरवायचा,
तिकडे त्या मिरच्या चुलीत टाकणार.
ठसका त्यांना लागतो, डोळे माझे भरतात.
आलेयम्मा सिस्टर येते, हात चोळताना
मल्याळीत काही पुटपुटते. कुणाला, ते मी विचारत नाही.
तिच्या अंगठ्यात जोर आहे.

खजूर सईद आणतो.
क्रेनवर त्या दिवशी तोच होता.
दर गुरुवारी डबा उंबऱ्यात ठेवतो, बेल दाबतो,
मी कडी काढेपर्यंत जिना उतरायला लागलेला.
चपला ओळखून मुबीन म्हणतो, आत घे त्याला.
तीन महिने म्हणतोय.
मी एकदाही हाक मारली नाही.
खजूर मात्र खातो आम्ही. चांगला असतो.

या गुरुवारी जुवी खाली कुणाच्या वाढदिवसाला गेलेली.
तो खुर्चीत बसला आणि थांबला.
मग मीच बिया घेतल्या, खाली बसले.
हातात लाटणं नाही, औषध नाही, फोन नाही,
इतकी रिकामी त्याच्याजवळ कधी बसले होते?
एक ठेवली.
दुसरी.
तो सजद्याला वाकला तेव्हा टाके दिसले,
त्यावर उगवलेले केस
उलट्या दिशेने वळलेले, कुणाचं न ऐकणारे.

बेल वाजली.

हातातली बी तिसरी की चौथी, कळेना.
ती तशीच मुठीत धरून मी उठले,
कडी काढली, आणि जिन्यात ओरडले, सईद!

वर आला नाही तो. पण थांबला.
मान वर करून बघत राहिला.
आता बोलायचं काय?
माझं अरबी भाजीवाल्यापुरतं.
म्हटलं, डबे. तुझे डबे. बारा साठलेत.
बोटं दाखवली, आधी दहा, मग दोन.
त्याने कपाळावरचा घाम पुसला
आणि एक पायरी वर चढला. एकच.

मागून मुबीनने विचारलं, किती झाल्या?

मोजल्या नाहीत, म्हटलं.

मग पहिल्यापासून पढतो, म्हणाला,
आणि उजव्या हाताने, वाकून, सावकाश,
फरशीवरच्या दोन्ही बिया गोळा करू लागला.
एक निसटून खुर्चीखाली गेली.

दार उघडंच होतं.
बी शोधायला मी खाली वाकले.