पासंग

तुर्भ्याच्या बाजारात माझं काम तसं सोपं:
तराजू खोटं बोलतो का, बघायचं.
मखमलीच्या खाचांतली पितळी वजनं
चिमट्यानंच उचलायची. बोट लागलं
तर बोटाचा घामही वजनात धरला जातो.

आधी रिकामी पारडी.
काटा मधे येत नसेल
तर व्यापारी हलक्या बाजूला
खडा, वायसर, तुटकं कुलूप, काहीबाही बांधतो.
त्याला पासंग म्हणतात.
मी तो सोडायला लावते.

पंधरा वर्षं दुसऱ्यांचे पासंग सोडवले
आणि घणसोलीत, आमच्याच ओट्यापाशी,
कृपाली भाकरी मोडता मोडता म्हणाली,
"आत्ते, तू देव मानतेस की नाही? एकच सांग."
मी म्हटलं, भाजी वाढ.

नवस दोन होते. गावदेवीला, एकाच मंगळवारी:
हरेशच्या तापासाठी आणि बाबांच्या यकृतासाठी.
हरेश उठून बसला, पेज मागितली.
बाबा वाशीच्या दवाखान्यातून
पांढऱ्या चादरीत आले.
आईनं दोन्ही नवस फेडले.
मी विचारलं, दुसरा कशाला?
म्हणाली, "बोललेली ना मी."

या उत्तराचं वजन मला अजून करता आलेलं नाही.

ऑफिसातला सोनटक्के नास्तिक. माणूस चांगला;
आईच्या मोतीबिंदूच्या वेळी रजा टाकून आला,
फॉर्मवर सह्या, चहा, रिक्षा, सगळं त्यानं.
तो म्हणतो, वर कोणी नाही,
म्हणून तर आपण नीट वागायचं.
वाक्य मी डाव्या पारड्यात घालून पाहिलं,
मग उजव्या. काटा हलला नाही.
तरी त्याच संध्याकाळी कोपरखैरण्याच्या सिग्नलला
रुग्णवाहिका किंचाळत गेली आणि माझे ओठ
मला न विचारता काहीतरी पुटपुटले.
कुणाला? नंबर तर मीच खोडला होता.

आईची नजर गेल्यापासून दिवा माझ्याकडे होता.
पौषात मी तो बंद ठेवला. प्रयोग म्हणून.
सव्वीस दिवस. काहीही झालं नाही.
एकदा दूध उतू गेलं, ते माझ्याच चुकीनं.
रागवायलाही कुणी उरलं नाही,
हे मात्र जड गेलं.

रंगकामाचं निमित्त करून देव ट्रंकेत ठेवले.
रिकाम्या फळीवर हरेशनं इंटरनेटचा डबा मांडला,
हिरवा दिवा लुकलुकणारा.
पहाटे आई, एका डोळ्यावर पट्टी,
तिथं उभी राहिली हात जोडून.
कृपाली हसणार होती, मी तिचा दंड दाबला.
डब्यापुढेही आईची मान
नेहमीइतकीच वाकली, गुंजभर कमी नाही.

माझ्या पेटीतली वजनं मुंबईच्या वजनांशी ताडतात,
ती दिल्लीच्या, ती आणखी कुठल्या दूरच्या.
आणि सगळ्यांत शेवटचा तो धातूचा ठोकळा
म्हणे निवृत्त केला. किलो आता एक आकडा आहे.
कुणी हातात धरलेला नाही, सगळे त्यावर तोलतात!
मी हे फार खुशीत सोनटक्केला सांगितलं.
तो म्हणाला, "बाई, आकडा मोजून दाखवता येतो."
खरंय.
मी हलक्या बाजूला कुलूप बांधायला निघाले होते,
माझंच.

आज मसाला गल्लीतल्या एका गाळ्यात
इलेक्ट्रॉनिक काटा
रिकामाच पाच ग्रॅम दाखवत होता.
मालक म्हणाला, पंख्याची हवा, मॅडम.
पंखा बंद केला. तीन.
शटर अर्धं ओढलं. दोन.
आम्ही दोघं श्वास धरून उभे,
बाहेर हमाल मिरचीची पोती टाकत, शिंकत.
दोन.

शिक्का मारवेना. नापासही लिहवेना.
फेरतपासणीची तारीख घातली,
घरी आले, आईच्या हातात ट्रंकेची किल्ली दिली.
म्हटलं, तुझे तू काढ.
माझं अजून चाललंय.