एक मिनिट कोणी हलू नका

माझं काम ऐकण्याचं.
कॅमेऱ्याच्या मागे, त्याहून दोन पावलं मागे,
कानांवर हेडफोन, हातात लांब काठी,
काठीच्या टोकाला मुंगसासारखा केसाळ माइक.
पोरं सगळीकडे आधी त्याच्याकडेच बघतात.
मोसुलजवळच्या छावणीत बघायची,
जुबाच्या दवाखान्यातल्या पडवीतही.
आणि आता इथे, नंदुरबारच्या पथारीवर,
जिथून माझं दोंडाईचा एसटीनं तासाभरावर
आणि जिथे मी युनिटमध्ये कोणाला सांगितलेलं नाही
की मला ही बोली कळते.
दुभाषा आधीच ठरला होता.
कशाला त्याच्या पोटावर पाय.

पथारी म्हणजे नजर संपेपर्यंत लाल.
ड्रोन वर गेला, दिग्दर्शिका म्हणाली, काय रंग आहे!
आणि शिंकली. मग रांगेनं आम्ही सगळेच.

झेलाबाई मालचे. वय विचारलं तर,
लिहा कितीबी.
देठ खुडायचे, वजनावर पैसे.
हातांना दुधाच्या पिशव्या रबरानं बांधलेल्या,
तरी रात्री बोटं ताकात बुडवून बसायचं.
नात बाभळीला, झोळीत,
वारा जिकडून येतो त्या बाजूला.
लुगड्याच्या काठाला आतून मी छोटा माइक लावला. विचारून.
तिनं मान वळवली,
सुई टोचताना वळवतात तशी.

मुलाबद्दल विचारलं गेलं. दुभाष्यानं जरा मऊ करून विचारलं.
ऊसतोडीला गेला होता, बारडोलीकडे.
ट्रॉली उलटली.
डोळ्यांतून पाणी लागलं, थांबेना.
कॅमेरा सावकाश जवळ गेला.
दिग्दर्शिकेनंही डोळे पुसले, त्याच बोटांनी,
आणि ओरडत टाकीकडे धावली.

चहा आला. माइक काढायला मी विसरलो.
विसरलो असं म्हणतो.
पोत्यांच्या थप्पीमागून ती माझ्या कानात बोलत होती,
शेजारणीशी:
कोन रडस माय, हाई ते मिरची शे.
पोऱ्या गया तवय टिपूस उनं नही.
आते धार लागनी.
दोघी हसल्या. हसता हसता ठसका.
नंतर बराच वेळ कोणीच नाही बोललं,
फक्त देठ तुटल्याची टिचकी,
आणि एक श्वास, आत गेलेला,
ज्याची मी वाट बघत राहिलो.

निघताना प्रत्येक जागेची मिनिटभर शांतता घ्यायची असते.
कापलेल्या वाक्यांमधल्या भेगा बुजवायला लागते.
माझ्याकडे अकरा देशांची आहे, डब्यांवर नावं घालून.
एकही निखळ नाही. एकीत जनरेटर, एकीत माश्या.

एक मिनिट कोणी हलू नका, दुभाषा ओरडला.
चाळीस बायांचे हात थांबले.
सातव्या सेकंदाला खोकला.
पुन्हा.
तेराव्या सेकंदाला, दुसरीचा.
चौथ्या वेळी झेलाबाईनं सरळ माझ्याकडे बघितलं:
काटा बंद व्हई जाई, भाऊ.
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
व्हयनं माय, व्हयनं.

ती थांबली.
आधी माझं तोंड बघितलं, मग हेडफोन,
मग स्वतःच्या पदराचा काठ.
आयकं का रे?
मी मान हलवली. हो की नाही, मलाही सांगता येणार नाही.
तिनं माइक स्वतःच काढला, वायर नीट गुंडाळली,
माझ्या तळहातावर ठेवला
आणि टोपली उचलून काट्याकडे गेली.
हात रात्रभर पेटलेला होता.
लॉजवर ताक मिळालं नाही.

पुण्यात एडिटला फोन आला:
नंदुरबारची शांतता वापरता येत नाही, नुसता खोकला आहे,
दुसरी काही आहे का?
मी जुबाची पाठवली.
ती झेलाबाईच्या रडण्याखाली अंथरली आहे,
कोणाला कळलेलं नाही.
नीट ऐकलं तर चाळिसाव्या सेकंदाला
एक चप्पल फरपटत जाते, लांब.

पथारीवर कोणाच्याच पायात चप्पल नव्हती.