पासंग

मी एकतीस वर्षं डुलुथच्या बंदरावर गहू तोलला.
नाटकातलं मला काही कळत नाही,
हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं.
मारित हाउकाला म्हणाली, "उत्तम.
कळणारे पाच जण आहेत आमच्याकडे.
मोजणारा कुणी नाही."

असा मी खजिनदार झालो
एका नाटक मंडळीचा, जिला नफा करायचाच नाही,
आणि जिचे लेखक कधीचेच वारले,
म्हणजे मानधन मागत नाहीत.
जमेच्या बाजूला एवढंच.

बाकी सगळं नावे. बॉयलर. विमा. कुजलेल्या फळ्या.
जुन्या अग्निशमन केंद्रातलं आमचं नाट्यगृह,
देव आभाळातून उतरायचे
ते बंबवाल्यांच्या पितळी खांबावरून.
शंभरातले अडतीस तिकिटांतून यायचे.
उरलेल्या बासष्टांसाठी मारित झोळी घेऊन हिंडायची,
दंतवैद्यांकडे, विधवांकडे,
खाणींवर गबर झालेल्या घराण्यांकडे,
जिथे कॉफी पातळ आणि आश्वासनं दाट.

परत आली की बूट झटकत विचारायची,
"व्हर्लिन, जानेवारी निघेल?"
"निघेल. तू पगार घेतला नाहीस तर."
जानेवारी निघायचा.
असे सहा जानेवारी माझ्या वहीत आहेत,
तिच्या नावासमोर नुसती आडवी रेघ.

तिला राज्य करताना मी कधी पाहिलं नाही.
राजे रंगमंचावर असायचे,
पुठ्ठ्याचा एकच मुकुट आळीपाळीनं घालून.
एका हंगामात तो तिघांच्या डोक्यावर गेला:
एक मारला गेला, एक हद्दपार झाला,
एकाला शेवटच्या अंकात अक्कल आली.
मुकुटाची कड उसवली की मारितच डिंक लावायची,
एका हातात ब्रश, दुसऱ्यात फोन,
देणगीदाराच्या कुत्र्याची तब्येत विचारत.

मग ती मार्चमधली बैठक.
तूट: एकेचाळीस हजार.
वकील ओल्स्टाड म्हणाला, काही हलकंफुलकं करू या,
नाताळ, नाच, गाणी.
रडायला लोकांना घरी जागा आहे.
सगळे हसले. मीही.
मारित माझ्याकडे वळली:
"काटा रिकामा असून शून्यावर येत नसेल
तर तू काय करायचास?"

पासंग लावायचो, मी म्हणालो.
शिशाचा एक तुकडा, हलक्या पारड्याखाली.
तो गव्हात धरत नाहीत, पावतीवर येत नाही,
पण त्याच्याशिवाय
पुढचं सगळं माप खोटं.

"हं," म्हणत तिनं खिशातून घडीचा कागद काढला.
मला वाटलं, आता नाटकांची बाजू मांडणार.
राजीनामा होता.
पुढचा पगार, अधिक विम्याचा हप्ता,
अधिक ते सहा जानेवारी, माफ:
एकेचाळीस हजार दोनशे.
हे वरचे दोनशे कसले, ओल्स्टाडनं विचारलं.
"डिंकाचे."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं,
अगं, पासंग असा काढून घेत नसतात.
पण मी मोजणारा माणूस.
मी "अनुमोदन" म्हणालो.

आता ऑडेसा प्रुइट चालवते सगळं.
हुशार आहे. पगार वेळेवर घेते, तेही बरंच.
तिचे राजे डोक्यावर काहीच घालत नाहीत,
राजा कोण ते कळायला माझा पहिला अंक जातो.

ऑक्टोबरात तिचा पहिला प्रयोग.
सरोवरावरून वारा असा
की दार दोघांनी ढकलावं.
मारित रांगेत उभी, सगळ्यांसारखी.
बावीस डॉलर मोजले, सवलत नको म्हणाली,
आणि मागच्या कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत बसली
जिच्या स्प्रिंगसाठी पैसे कधीच उरले नाहीत.

मध्यंतरात विचारलं, कसं वाटतंय?
"दुसरा अंक लांबलाय. तिला सांगू नकोस."
मग जरा थांबून, "आत किती आहेत?"
एकशे सात.
तिनं मान वळवली. ओठ हलताना दिसले,
रांगेमागून रांग.
"एकशे आठ," म्हणाली.
"तू स्वतःला धरलं नाहीस."